कास कोरडी, किटली ओली

माय,

आज वर्गात एका मुलीनं मला अडवलं. गाईच्या कासेला जंतूंची लागण झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत दुधात येतात, जंतूंना गिळतात आणि गिळता गिळता स्वतःही मरतात, हे मी फळ्यावर काढून दाखवत होते. इतकी वर्षं तेच काढतेय, हात आपोआप फिरतो. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "मॅडम, पेशी गाईला वाचवायला येतात म्हणता आणि दूध नासतं तेही त्यांच्यामुळंच म्हणता. मग त्यांना चांगलं म्हणायचं की वाईट?" बाकीची मुलं हसली. मी नाही हसले. हाच प्रश्न तू मला विचारला होतास, गोठ्यात उकिडवी बसून, आणि उत्तरही तूच दिलं होतंस. मी तिला म्हटलं, संध्याकाळी घरी ये, सांगते. ती यायच्या आत तुला हे लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं. परभणीच्या वसतिगृहातून मी पाठवलेली कार्डं तू शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस, त्यामुळं मला जे खरंच सांगायचं असायचं ते मी कधी लिहिलंच नाही. आता तू नाहीस, मास्तरही नाहीत, म्हणजे मोकळेपणानं लिहायला हरकत नाही.

तांबडी आपल्या घरी आली तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा पूर्णेला रेल्वेत, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत. रविवारी घरी यायचे. त्यांनीच हट्टानं ही अर्धी जर्सी गाय आणली, कारण गावात नुकतीच डेरी निघाली होती. डेरी म्हणजे पारापलीकडची एक खोली, मोठाले कॅन आणि एक सेक्रेटरी. पहिल्या दिवशी तू दूध घेऊन गेलीस तर सेक्रेटरीनं ते सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतलं नाही. बौद्धवाड्यातून येणाऱ्या दुधासाठी त्यानं शेजारी एक वेगळी बादली ठेवली होती, तिच्यात ओतलं. पुढच्या रविवारी बाबा जाऊन त्याला विचारून आले. आवाज न चढवता विचारलं, त्यामुळं तो जास्त घाबरला. शेवटी ठरलं की आपलं दूधही मोठ्या कॅनमध्ये जाईल, "पर स्वच्छ आना." हे 'स्वच्छ आना' वरच्या आळीत कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या किटल्यांत गवताच्या काड्या पोहताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

तू मात्र ते दोन शब्द मनाला लावून घेतलेस. मला अजून दिसतं. दिवस उजाडतोय, चुलीवर कडुलिंबाचा पाला उकळतोय. त्या पाण्यात तू धुण्याचा सोडा टाकतेस, बाबांच्या जुन्या खाकी पँटचा तुकडा बुडवतेस आणि तांबडीची कास घासायला लागतेस, जळकं भांडं घासावं तशी. एकदा झालं की पुन्हा. सड लाल होतात, तांबडी पाय झाडते, तू तिला दटावतेस, "उभी ऱ्हा गं बाई, आपल्या दुधाला कुनी नाव ठिवू न्हाई." मग धार काढतेस, आणि अॅल्युमिनियमची ती किटली राखेनं अशी घासलेली असते की तिच्यात तोंड दिसावं. तुझ्या बोटांना भेगा पडल्यात, त्यांत सोडा झोंबतो. तू फुंकर घालतेस आणि हात परत पाण्यात घालतेस. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटायचा. कॉलेजात स्वच्छ दुधावर धडा झाला की वाटायचं, सरांनी एकदा माझ्या मायचा गोठा येऊन बघावा.

पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात परभणी बंद झाली, कॉलेजला सुट्टी पडली आणि मी घरी आले. बोरीला एसटीतून उतरून पायी आले तर तू दारात बसलेली, किटली भरलेली, आणि ऊन डोक्यावर यायला लागलेलं. डेरीच्या कॅनमधलं दूध फाटलं म्हणून तो शहरातल्या मोठ्या डेरीतून परत आला होता, आणि तोही पहिल्यांदा नव्हे. सेक्रेटरी तुला म्हणाला होता, "माजं काई म्हननं न्हाई बाई, पर लोक बोलायलेत. थोडे दिस तुमचं दूध घरीच ठिवा." लोक बोलायलेत म्हणजे तोच बोलायलाय, हे तुला कळत होतं. आपलं दूध त्या कॅनमधून एकदा बाहेर पडलं असतं तर ते पुन्हा कधी आत गेलं नसतं, हे तुला कळत होतं आणि मलाही. "धुऊन धुऊन हात गेले माजे," तू म्हणालीस, "आन् आता म्हंतेत आमचं दूध नासकं." त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी इतकी संतापले होते की डेरीवर जाऊन भांडायचंच ठरवलं होतं, पण आधी गोठ्यात गेले.

कासेचा मागचा डावा भाग तापलेला होता आणि घट्ट. गावाकडं या दुखण्याला दगडी म्हणतात ते उगाच नाही. काळ्या कापडावर धार पिळली तर दुधात पिठाच्या गुठळ्या असाव्यात तसे कण. मग कॉलेजात शिकवलेली युक्ती केली. कपडे धुवायची पावडर पाण्यात कालवली, बशीत थोडं दूध घेतलं, तेवढंच ते पाणी घातलं आणि बशी गोल फिरवली. तीन सडांचं दूध पाण्यासारखं फिरत राहिलं. चौथ्याचं शेंबडासारखं घट्ट झालं, बशी कलती केली तरी ओघळेना. "हे काय चेटूक करायलीस?" तू विचारलंस. मी सांगितलं की चेटूक नाही. कासेत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला दुधात उतरतात. पावडरीनं त्या पेशी फुटतात, त्यांच्या पोटातले तंतू बाहेर येऊन एकमेकांत गुंततात, म्हणून दूध असं घट्ट होतं. जितक्या पेशी जास्त तितकं दूध घट्ट. निरोगी दुधातही थोड्या असतातच, राखणदारीला.

तू बशीत बोट घालून तार ओढून पाहिलीस. परीक्षेत सांगावं तसं मी पुढचंही सांगून टाकलं. या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटत चिकटत येतात, फटीतून अंग चोरून बाहेर पडतात, पण दुधात उतरल्यावर त्यांची एक पंचाईत होते. त्या जंतूंबरोबर दुधातलं लोणीही गिळतात, आणि पोट भरलं की जंतू गिळायला जागा उरत नाही. तू इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलीस. "म्हंजे आपल्या सरपंचावानीच की. आला व्हता भांडन मिटवायला, आन् जेवूनच गेला." मग तू तो प्रश्न विचारलास. वाचवायला आल्या आणि दूध त्यांनीच नासवलं, कासही आतून त्यांनीच खरवडली, तर त्यांना चांगलं म्हणायचं की वाईट? पुस्तकात तसं काही दिलेलं नव्हतं.

तू तांबडीच्या कासेवर हात ठेवलास. मग म्हणालीस, "आपली गंजी पेटली तवा असंच झालतं." नामांतराचा ठराव पहिल्यांदा झाला त्या सालची ती गोष्ट, मी शाळेत होते. वाड्यात आपल्या घराला लागून असलेल्या कडब्याच्या गंजीला कुणी आग लावली हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच सांगितलं नाही. "इजवायला मानसं आली," तू म्हणालीस. "आपली तर आलीच, वरच्या आळीतले दोघंबी घागरी घिऊन आले. इस्तू इजला. पर रांजन फुटला, चूल तुडवली, कूड पाडला, ते सारं इजवनाऱ्यांनीच केलं. मंग त्येंच्यावर राग धरावा का?" मग तूच सांगितलंस, "धरू न्हाई. पर येळंवर आली असती तर थोडी पुरली असती. उशिरा आली म्हून लय यावं लागलं, आन् लय आली म्हून लय मोडलं." पेशींबद्दल सरांनी वर्गात हेच शिकवलं होतं, फक्त त्यात रांजण नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्गात रांजण असतो. कुणाच्या घरचा ते मी सांगत नाही.

आता करायचं काय, यावर आपलं भांडण झालं. मी शिकलेली, म्हणून हुशारी सुचवली की आपल्या गाईचं दुखणं कुणाला सांगायचं नाही. आजारी सडाचं दूध गुपचूप ओतून द्यायचं आणि सेक्रेटरीला म्हणायचं, सगळ्यांचं दूध तपासा. तू माझ्याकडं असं पाहिलंस, जणू मी चोरी करायला सांगतेय. "लपवलं तर ते म्हंतेत ते खरं व्हतंय," तू म्हणालीस. "आजारी हाय ती. ताप आलेला मानूस काय घान असतोय व्हय?" मला वाटलं, तू हातानं सगळं घालवणार. तसं मी बोललेही. त्यावर तू मला जेवायला वाढलंस, म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तू किटलीत तीन सडांचं दूध घेतलंस आणि एका लोट्यात चौथ्याचं. डेरीवर रांग लागलेली. तू रांग सोडून सरळ पुढं गेलीस आणि लोटा सेक्रेटरीसमोर ठेवलास. "माज्या गाईला दगडी झालीया. हे तिच्या दुखऱ्या सडाचं, हे कॅनात वतू नका. बाकीचं चांगलं हाय. माजी लेक इथंच तपासून दावती. आन् माजं तपासल्यावर समद्यांचं तपासा." रांगेतली माणसं बघायला पुढं सरकली. मी बशी आणि पावडरीचं पाणी घेऊन ओट्यावर बसले. आधी आपलं दूध, किटलीतलं पातळ, लोट्यातलं घट्ट, सगळ्यांना बशी कलती करून दाखवली. मग एकेक किटली पुढं यायला लागली, काही आपणहून, काही मागून ढकलल्यामुळं. किती जणांचं घट्ट निघालं ते मोजलं नाही, पण मोजायची गरज पडू नये इतकं निघालं. सेक्रेटरीच्या घरच्या म्हशीचं तर बशीला चिकटूनच बसलं. तो म्हणाला, "पावडर जास्ती पडली वाटतं." रांगेतली एक म्हातारी, वरच्या आळीतलीच, फसकन हसली. "आरं, पावडर तुज्या म्हशीनं खाल्ली का काय?" मग सगळेच हसले. त्या दिवसापासून ज्याचं घट्ट त्याचं बाजूला असं ठरलं आणि बाजूला ठेवायला भांडं लागलं, तेव्हा कोपऱ्यातली तीच बादली बाहेर निघाली. तिच्यात पहिलं दूध सेक्रेटरीच्या म्हशीचं पडलं. घरी येताना तुझी किटली हातात झुलत होती.

मला वाटलं, संपलं. कॉलेज उघडल्यावर मी चौथ्या सडाचं दूध बाटलीत घेऊन सरांकडं गेले. सर वालूरकडचे, मोठ्या शेतीवाल्या घरातले, निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. रागावले तरी उर्दूत रागावायचे. त्यांनी काचपट्टीवर दूध पसरलं, रंगवलं आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. पांढऱ्या पेशींची जत्रा भरली होती, आणि त्यांच्यामध्ये द्राक्षाच्या घडासारखे जंतू. "ये तो चमडीवाले जंतू आहेत," सर म्हणाले. "सडाची कातडी कशी आहे?" मी सांगितलं, भेगाळलेली. "कशानं?" मी अभिमानानं सगळं सांगितलं. कडुलिंबाचं पाणी, सोडा, खाकी तुकडा, घासणं. सर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "तौबा! गाय आहे की तांब्या? अगं, कातडी म्हणजे दरवाजा. तो शाबूत असला तर आतल्या पेशींना धावावंच लागत नाही. तुझ्या आईनं दरवाजाच घासून काढला, आणि तोच ओला फडका चारी सडांना." इतकं धुवायला कुणी लावलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते विचारावं लागलं नाही, त्यांच्याही गावात डेरी होती. औषधाची नळी माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "आईला जपून सांग."

जपून कसं सांगायचं, माय? वरच्या आळीतली जनावरं चिखलानं आजारी पडली होती, तुझी धुण्यानं. मी घरी आले तेव्हा तू घासतच होतीस, गाय आजारी म्हणून आणखी जोरात. मी फडका तुझ्या हातातून घेतला आणि सांगितलं. तू तांबडीच्या सडांवरून बोट फिरवलंस. मग विचारलंस, "म्हंजे म्याच केलं?" मी म्हणाले, "तू नाही, सोड्यानं केलं." "सोडा कुनी टाकला?" डेरीवर सगळ्या गावासमोर तुझी मान खाली गेली नव्हती, ती त्या गोठ्यात, माझ्यापुढं गेली. मला त्या क्षणी सेक्रेटरीचा, बादलीचा, सरांच्या सूक्ष्मदर्शकाचा, सगळ्यांचाच राग आला. तू पाण्याचं घमेलं उकिरड्यावर ओतलंस आणि म्हणालीस, "न्हाई धुतलं तर लोक बोलत्यात, धुतलं तर गाय बोलती. मंग म्या करावं काय?"

उत्तर तुलाच सापडलं, आणि ते कुठल्याच पुस्तकात नाही. दुसऱ्या सकाळी तू तांबडीची कास नुसती कोरड्या धडप्यानं पुसलीस, प्रत्येक सडाला वेगळा, सडांना खोबरेल चोळलंस. दुखरा सड दिवसातून पुन्हा पुन्हा पिळून रिकामा करायचं मी सांगितलं होतं, ते केलंस, आणि सरांच्या नळीतलं औषध मी त्यात सोडलं. आणि मग किटली घेऊन हापशावर गेलीस, भर वस्तीत, जिथून वरच्या आळीतल्या बाया जातात-येतात तिथं, आणि ती घासलेली किटली पुन्हा घासायला बसलीस. घासलीस, खळबळून काढलीस, उन्हात धरून बघितलीस, परत घासलीस. मी विचारलं, आता हे कशाला? तर म्हणालीस, "गाईला कोरडं, लोकायला वलं." मला हसू आलं आणि रडूही, आणि मी तिथंच हापसा मारायला लागले. तांबडीची कास हळूहळू मऊ झाली. भेगा बुजल्या, बशीतलं दूध पातळ झालं. त्या सडानं पुढं कायम थोडं कमीच दूध दिलं, पण आपलं दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये पडत राहिलं. आधी ते ओतताना सेक्रेटरी दर वेळी वास घ्यायचा, तेही त्यानं सोडलं. नेमकं कधी, ते आपल्याला कळलंच नाही.

तुझं हापशावरचं धुणं मात्र थांबलं नाही. तांबडी गेली, तिची कालवड गाभण राहिली, व्याली, तिच्याही वेळी तू तसंच केलंस. विद्यापीठाला शेवटी नाव मिळालं त्या जानेवारीत वाड्यात साखर वाटली. तू साखर तोंडात टाकलीस, डोळे पुसलेस, आणि किटली घेऊन हापशावर निघालीस. मी म्हणाले, "माय, आता कोण बघायलंय?" तू म्हणालीस, "कुनीच न्हाई," आणि गेलीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. मी नोकरीला लागलेली, सरकारी घर मिळालेलं, मला वाटायचं की आता तरी तू ताठ बसावं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी तू गेलीस आणि ती किटली मी इकडं घेऊन आले. तिच्यात आता काही ठेवत नाही.

त्या मुलीला मी रांजणाचं सांगणार आहे. यावेळी तो कुणाच्या घरचा होता तेही सांगेन म्हणते. भेगाळलेल्या सडाचं सांगेन, जास्त धुऊ नका असं मी प्रत्येक गावात बायांना सांगत आले तेही सांगेन. एक सांगणार नाही, ते तुलाच सांगते. फाटकाची कडी वाजली, ती आली वाटतं. चहाचे कप मी दुपारीच धुऊन पालथे घातले आहेत, लख्ख आहेत. तरी आता आत जाऊन मी ते पुन्हा धुणार आहे, नळ मोठा सोडून, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. कुणीही आलं तरी धुते. माझ्याही बोटांना भेगा आहेत, माय, आणि त्यांना मी खोबरेल लावते.